वाचकांचे प्रश्न : जुना फोन, नवी रॉम आणि लिनक्स

या वेळी उत्तरांसाठी घेतलेली बहुतेक पत्रे एकाच विषयाभोवती फिरतात : कंपनीने वाऱ्यावर सोडलेल्या फोनवर दुसरी अँड्रॉइड, म्हणजे 'रॉम', बसवणे आणि त्यासाठी लागणारा लिनक्सचा, म्हणजे विंडोजऐवजी लिनक्स ही खुली प्रणाली असलेला, संगणक. पत्रलेखकांची नावे दिलेली नाहीत. फोनच्या बाबतीत ज्यांनी नेमके मॉडेल किंवा नेमका अडथळा कळवला त्यांचेच प्रश्न निवडले आहेत, कारण तेवढे ठाऊक नसताना दिलेला सल्ला बहुधा अंगाशी येतो.

प्रश्न : माझ्याकडे २०१८ साली घेतलेला पोको एफ१ आहे. फोन ठणठणीत आहे, बॅटरी बदलून घेतली आहे. परंतु अँड्रॉइड १० नंतर कंपनीकडून काहीच आले नाही. भाचा म्हणतो की लिनिएज ओएस टाकावी. दुकानदार म्हणतो की फोन रूट केला की फोनपे, गुगल पे कायमचे बंद. खरे काय मानावे? (एक वाचक, सांगली)

उत्तर : दोघेही आपापल्या परीने बरोबर सांगत आहेत, मात्र ते तीन निरनिराळ्या गोष्टींची सरमिसळ करीत आहेत, आणि ती आधी सोडवली पाहिजे.

पहिली गोष्ट बूटलोडरची. फोन सुरू होताना अगदी सुरुवातीच्या टप्प्यात चालणारा हा छोटा प्रोग्राम असतो आणि पुढे जी प्रणाली सुरू करायची तिच्यावर कंपनीची डिजिटल सही आहे की नाही, हे तो तपासतो. तो अनलॉक करणे म्हणजे ही सक्ती उठवणे. दुसरी गोष्ट रॉम बदलण्याची, म्हणजे कंपनीची प्रणाली काढून तिच्या जागी लिनिएजसारखी दुसरी बसवण्याची. तिसरी गोष्ट रूट करण्याची, म्हणजे चालू प्रणालीत सर्वाधिकार मिळवण्याची; हे काम आजकाल बहुतेक जण मॅजिस्क या साधनाने करतात. रॉम बदलायची तर बूटलोडर अनलॉक करावाच लागतो, परंतु रूट करण्याची काहीही गरज नसते. लिनिएज मुळात रूटविनाच येते, आणि माझ्या मते आपण ती तशीच ठेवावी.

लिनिएजविषयी थोडे सांगतो, म्हणजे भाच्याने सुचवलेली वस्तू कोणत्या घराण्यातली आहे हे कळेल. २००९ च्या सुमारास स्टीव्ह कोंडिक यांनी सायनोजेनमॉड नावाची रॉम सुरू केली. पुढे तिच्याभोवती कंपनी उभी राहिली, आणि डिसेंबर २०१६ मध्ये त्या कंपनीने हात वर केल्यावर स्वयंसेवकांनी तोच स्रोत घेऊन लिनिएज ओएस या नावाने काम चालू ठेवले. आपल्या फोनला तिथे 'बेरिलियम' या सांकेतिक नावाने ओळखतात. रॉमची फाइल उतरवताना 'पोको' हा शब्द न शोधता हे सांकेतिक नाव जुळवून घ्यावे. एकाच घराण्यातल्या दोन फोनांच्या फाइलींची अदलाबदल झाली की फोनचा डबा होतो.

आता अनलॉक करण्याविषयी. सेटिंग्जमध्ये बिल्ड नंबरवर (पोको हा शाओमीचाच फोन; तिच्या एमआययूआय या प्रणालीत तो एमआययूआय आवृत्तीच्या नावाने दिसतो) सात वेळा टिचकी मारली की डेव्हलपर ऑप्शन्स उघडतात. तिथे 'ओईएम अनलॉकिंग' चालू करून, फोनमध्ये सिमकार्ड ठेवून, मोबाइल डेटावर आपले शाओमीचे 'मी' खाते फोनशी जोडावे लागते. त्यानंतर शाओमी साधारणपणे १६८ तास, म्हणजे पूर्ण आठवडा, थांबायला लावते. एमआययूआयच्या जागी आलेल्या नव्या हायपर ओएसवरच्या फोनांना तर याहून कडक अटी आहेत. अनलॉक करणारे अधिकृत साधन विंडोजवरच चालते. लिनक्सवर आभासी यंत्र उभारून ते चालवण्याच्या भानगडीत न पडता ओळखीच्या कोणाचा तरी विंडोजचा लॅपटॉप तासाभरासाठी मागून घ्यावा. अनलॉक होताक्षणी फोनमधली सर्व माहिती पुसली जाते, आणि ही काही त्रुटी नव्हे. चोराने फोन अनलॉक करून आत डोकावू नये, म्हणून ती व्यवस्था मुद्दाम केलेली आहे. छायाचित्रे, संपर्क आणि व्हॉट्सअॅपचा बॅकअप आधी बाहेर काढून ठेवावा, आणि फोन कंपनीच्या शेवटच्या आवृत्तीवर आणून ठेवावा, कारण मोडेमसारख्या (नेटवर्कशी बोलणाऱ्या) भागांचे फर्मवेअर, म्हणजे त्यांना चालवणारे सॉफ्टवेअर, सहसा रॉमसोबत येत नाही. ते आधीचेच वापरले जाते.

राहिला पैशांचा प्रश्न. दुकानदाराचा निष्कर्ष बऱ्याच अंशी खरा आहे, कारण मात्र त्याने चुकीचे दिले. बँकांची आणि यूपीआयची अॅप गुगलच्या प्ले इंटिग्रिटी या सेवेला विचारतात की हा फोन विश्वासू स्थितीत आहे का. पूर्वी हेच काम सेफ्टीनेट करीत असे. त्या काळी सॉफ्टवेअरच्या पातळीवर थाप मारून वेळ निभावता येत होती. परंतु आता उत्तर प्रोसेसरमधल्या सुरक्षित कप्प्यातून सहीनिशी येते, आणि 'बूटलोडर उघडा आहे' ही गोष्ट त्यात लपत नाही. म्हणजे आपण रूट केले नाही तरीही, निव्वळ बूटलोडर उघडा असल्यामुळे 'डिव्हाइस' ही पातळी नापास होऊ शकते. ती नापास झाल्यावर काय करायचे, हे प्रत्येक अॅप आपले आपण ठरवते. एखादे निमूटपणे चालते, एखादे सूचना देऊन चालते, एखादे उघडतच नाही, आणि आज चालणारे अॅप पुढच्या अपडेटनंतर चालेलच याची हमी कोणी देऊ शकत नाही. दुसऱ्या फोनांमधून गळती झालेल्या, सही करण्याच्या डिजिटल किल्ल्या वापरून ही तपासणी पार करण्याचे उद्योग काही जण करतात. गुगल अशा किल्ल्या शोधून रद्द करीत असते आणि मग महिन्याच्या एक तारखेलाच पैसे अडकतात. ज्या फोनवर आपला पगार किंवा निवृत्तिवेतन फिरते, त्यावर हा खेळ करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

तेव्हा हा आपला एकमेव फोन असेल, तर रॉम बदलू नये. व्यवहारांसाठी दुसरा, अगदी साधा का होईना, फोन हाताशी असेल, तर पोको एफ१ हा प्रयोगासाठी उत्तम फोन आहे. सुरक्षेचे म्हणाल तर जमाखर्च असा आहे : अँड्रॉइड १० वर अडकलेल्या फोनपेक्षा लिनिएजवर प्रणालीच्या दुरुस्त्या नियमित मिळतात, परंतु प्रोसेसर बनवणाऱ्या क्वालकॉमचे बंदिस्त भाग कंपनीने सोडले तिथेच राहतात, शिवाय बूटलोडर उघडा असल्याने फोन परक्या हाती गेला तर धोका आधीपेक्षा वाढतो. आणि एक सूचना : लिनिएज टाकल्यावर 'आता परत लॉक करून टाकू' असा मोह होतो, तो टाळावा. दुसऱ्याची सही असलेली प्रणाली आत ठेवून लॉक केलेला फोन सुरू व्हायलाच नकार देऊ शकतो.

प्रश्न : लिनक्स मिंटवरून फोन जोडतो. 'एडीबी डिव्हायसेस' ही कमांड दिल्यावर कधी 'नो परमिशन्स' येते, तर कधी 'अनऑथराइज्ड'. प्रत्येक कमांडच्या आधी सुडो लावल्यावर काम होते. तसेच चालू ठेवू का? (एक वाचक, डोंबिवली)

उत्तर : तसे चालू ठेवू नये. एडीबी हे संगणकावरून अँड्रॉइड फोनला आज्ञा देण्याचे साधन, आणि सुडो लावणे म्हणजे कमांड सर्वाधिकाराने, रूट खात्याने चालवणे. आपल्याला आलेले दोन्ही संदेश वेगवेगळ्या दारांवरचे आहेत. 'नो परमिशन्स' हा संगणकाचा नकार आहे : यूएसबीला जोडलेल्या या उपकरणाला हात लावण्याची मुभा आपल्या वापरकर्ता-खात्याला नाही, असे लिनक्स सांगत आहे. ही मुभा युडेव्ह नावाची व्यवस्था नियमांच्या फाइलीवरून ठरवते. मिंट, उबंटू आणि डेबियन या लिनक्सच्या प्रकारांवर 'अँड्रॉइड-एसडीके-प्लॅटफॉर्म-टूल्स-कॉमन' हे पॅकेज बसवले की बहुतेक कंपन्यांच्या फोनांसाठीचे नियम आपोआप येतात. आपले खाते 'प्लगडेव्ह' या गटात आहे ना, तेवढे पाहावे, एकदा बाहेर पडून पुन्हा लॉगिन करावे आणि केबल काढून परत जोडावी.

'अनऑथराइज्ड' हा मात्र फोनचा नकार आहे. फोनच्या पडद्यावर 'या संगणकावरून यूएसबी डिबगिंगला परवानगी द्यायची का' अशी चौकट आलेली असते आणि पडदा बंद असल्यामुळे ती आपल्याला दिसलेली नसते. सुडो वापरण्याची खोड इथेच नडते. सुडो लावून एडीबी सुरू केली की ती रूट खात्याची वेगळी किल्ली तयार करते, त्यामुळे फोनला तो वेगळाच संगणक वाटतो आणि परवानगीचे गुऱ्हाळ नव्याने सुरू होते. 'एडीबी किल-सर्व्हर' देऊन आधीची प्रक्रिया संपवावी आणि पुढे साध्या खात्यानेच काम करावे.

फास्टबूटमध्ये (प्रणाली सुरू होण्याआधी बूटलोडर संगणकाच्या आज्ञा घेतो त्या अवस्थेत) गेल्यावर 'वेटिंग फॉर एनी डिव्हाइस' असे येऊन कमांड नुसती थांबून राहिली, तर यूएसबीला जोडलेल्या उपकरणांची यादी देणारी 'एलएसयूएसबी' ही कमांड चालवून पाहावी. यादीत फोनची ओळ असेल (फास्टबूटमधले पुष्कळ फोन गुगलच्या १८डी१ या क्रमांकाने दिसतात), तर अडचण परवानगीची आहे. ओळच नसेल, तर केबल निव्वळ चार्जिंगची आहे किंवा पोर्टचे जमत नाही. नव्या लॅपटॉपच्या यूएसबी ३ पोर्टवर फास्टबूट रुसण्याचे प्रकार बरेच होतात. मध्ये जुना, स्वस्तातला यूएसबी २ हब लावला की ते बहुधा सुटतात.

आपण विचारले नाही, तरी याच टप्प्यावर अनेकांची गाळण उडते म्हणून सांगून ठेवतो. रिकव्हरीतून (फोनमधल्या दुरुस्तीसाठीच्या छोट्या वेगळ्या प्रणालीतून) 'एडीबी साइडलोड' ने रॉम पाठवताना संगणकाच्या पडद्यावरचा आकडा ४७ टक्क्यांवर येऊन थांबतो आणि खाली 'फेल्ड टू रीड कमांड : सक्सेस' असे विचित्र वाक्य उमटते. अशा वेळी केबल उपटू नये. काम पार पडले की नाही, हे फोनच्या पडद्यावर वाचावे. तिथे काही चूक नोंदलेली नसेल, तर रॉम नीट बसलेली असते.

प्रश्न : रॉम टाकल्यापासून इंटरनेट छान चालते, पण जिओवरून फोन लावला की लगेच तुटतो. दुसरे सिम एअरटेलचे आहे, त्यावरून बोलणे होते. सिम खराब आहे का? (एक वाचिका, चिपळूण)

उत्तर : सिम चांगले आहे. जिओकडे टू-जी आणि थ्री-जीचे जाळे मुळातच नाही, त्यामुळे तिथला प्रत्येक कॉल व्होल्टीवरूनच, म्हणजे फोर-जीच्या जाळ्यावरूनच, जातो. एअरटेलचा फोन व्होल्टी जमले नाही तर गपचूप टू-जीवर उतरतो, म्हणून तिथे दोष लक्षात येत नाही. व्होल्टीसाठी लागणारा आयएमएस हा भाग कंपनीच्या बंदिस्त फाइलींवर अवलंबून असतो आणि हौशी रॉममध्ये नेमका तोच लंगडा राहतो. डायलरवर *#*#४६३६#*#* दाबून फोनच्या माहितीत जावे आणि वरच्या तीन टिंबांच्या मेनूतून आयएमएसची स्थिती पाहावी. तिथे 'नॉट रजिस्टर्ड' असेल, तर सेटिंग्जमध्ये कितीही खटपट केली तरी उपयोग होत नाही. रॉमची दुसरी आवृत्ती किंवा योग्य फर्मवेअर हाच उपाय आहे. रॉम निवडताना तिच्या माहितीत 'व्होल्टी चालते' असे लिहिलेले असेल, तरी ते भारतातल्या कोणी तपासून लिहिले आहे का, हे पाहावे.

प्रश्न : रेडमी नोट ७ प्रोवर व्हिडिओ बघून नवी रॉम टाकली. आता नुसता लोगो फिरत राहतो. टीडब्ल्यूआरपी या रिकव्हरीमध्ये गेल्यावर माझ्या फोल्डरांच्या जागी अगम्य अक्षरांची नावे दिसतात. फोटो वाचतील का? गल्लीतला एक दुरुस्तीवाला म्हणतो की फोन गेला, आणि आयएमईआयही (फोनचा ओळखक्रमांक) उडाला असेल तर तो 'नवा टाकून' देईल. (एक वाचक, नागपूर)

उत्तर : फोन गेलेला नाही. ज्या फोनचा पडदा उजळतो, लोगो दाखवतो आणि रिकव्हरीत जातो, त्याची केवळ प्रणाली अडखळलेली असते. खरोखर गेलेला क्वालकॉमचा फोन पडद्यावर काहीच दाखवत नाही आणि लिनक्सला जोडल्यावर 'एलएसयूएसबी'मध्ये ०५सी६:९००८ एवढीच ओळ देतो. त्या अवस्थेतूनही फोन परत आणता येतो, परंतु शाओमीच्या नव्या फोनांवर त्यासाठी अधिकृत खाते लागते आणि ते काम सेवाकेंद्राचे आहे.

ती अगम्य नावे म्हणजे आपलेच फोल्डर आहेत, कुलूपबंद अवस्थेत. अँड्रॉइड आपली माहिती सांकेतिक रूपात साठवते आणि तिची किल्ली फोनच्या हार्डवेअरशी व जुन्या प्रणालीशी बांधलेली असते. नव्या रॉमला ती किल्ली वापरता येत नाही, म्हणून रॉम लोगोवरच घिरट्या घालते. व्हिडिओत बहुधा 'वाइप' करायला सांगितले असेल. टीडब्ल्यूआरपीतला साधा वाइप अॅपची माहिती पुसतो, परंतु अंतर्गत साठवण आणि तिचे सांकेतिकीकरण तसेच ठेवतो. इथे लागते ते 'फॉरमॅट डेटा', ज्यात 'यस' असे अक्षरांनी टाइप करावे लागते. ते केल्यावर नवी रॉम बहुतेक वेळा निमूटपणे सुरू होते, आणि फोटो कायमचे जातात.

म्हणून ते करण्याआधी एक प्रयत्न करून पाहावा. आधी जी प्रणाली होती तिचीच तंतोतंत तीच आवृत्ती, डेटाला हात न लावता, पुन्हा टाकावी. कधीकधी तिला ती किल्ली वापरता येते, फोन पूर्ववत उघडतो आणि फोटो काढून घेता येतात. मात्र हे करताना शाओमीचे 'मी फ्लॅश' हे रॉम टाकण्याचे साधन वापरणार असाल, तर खालच्या पट्टीवर डोळे रोखून पाहावे. तिथे 'क्लीन ऑल अँड लॉक' हा पर्याय आधीच निवडलेला असतो. तो तसाच राहिला तर फोटो तर जातातच, शिवाय बूटलोडर पुन्हा लॉक होतो, आणि प्रदेश न जुळणारी रॉम आत असेल तर फोन तिथेच हटून बसतो. 'सेव्ह युजर डेटा' हा पर्याय निवडल्याशिवाय पुढचे बटण दाबू नये.

आता आयएमईआय. डायलरवर *#०६# दाबून, फोनच्या मूळ खोक्यावर छापलेल्या क्रमांकाशी तो जुळतो का, हे फोन सुरू झाल्यावर आधी पाहावे. बहुधा तो शाबूत असेल. रॉम बदलल्याने तो सहसा जात नाही, मोडेमची स्वतःची पार्टिशन (साठवणीतला राखीव कप्पा) चुकून पुसली गेली तर जातो. टीडब्ल्यूआरपीच्या बॅकअपमध्ये 'ईएफएस' आणि 'पर्सिस्ट' हे दोन पर्याय असतात. पहिल्यात मोडेमची माहिती असते, दुसऱ्यात सेन्सरांची जुळणी आणि तत्सम गोष्टी. आकाराने ती किरकोळ असतात, परंतु प्रत्येक फोनची वेगळी असतात आणि महाजालावरून उतरवून मिळत नाहीत. रॉमला हात लावण्याआधी हे दोन बॅकअप फोनच्या बाहेर, संगणकावर ठेवावेत. फोन बिघडल्यावर नव्हे, चांगला असताना.

दुरुस्तीवाल्याचा प्रस्ताव मात्र साफ धुडकावावा. आयएमईआय बदलणे किंवा पुसणे हा आपल्याकडे गुन्हा आहे. त्याविषयीचे नियम २०१७ मध्येच आले आहेत. तो 'नवा' म्हणून जो क्रमांक टाकील तो कोणाच्या तरी दुसऱ्या फोनचा असेल, आणि तो फोन चोरीचा निघाला तर विचारणा आपल्याकडे होईल.

प्रश्न : सॅमसंगचा फोन रूट करून नंतर मूळ प्रणाली परत टाकली, तर वॉरंटीवाल्यांना कळते का? (एक वाचक, औरंगाबाद)

उत्तर : कळते. सॅमसंगच्या फोनांत नॉक्स या सुरक्षाव्यवस्थेसाठी एक इलेक्ट्रॉनिक फ्यूज असतो. परकी प्रणाली सुरू झाली की तो उडतो आणि डाउनलोड मोडमध्ये ०x० च्या जागी ०x१ दिसू लागते. मूळ प्रणाली कितीही वेळा टाकली तरी तो परत जुळत नाही. सिक्युअर फोल्डरसारख्या सोयी त्याच क्षणी कायमच्या जातात. वॉरंटी चालू असताना सॅमसंगला हात लावू नये.

प्रश्न : आमच्या शाळेत विंडोज १० चे जुने लॅपटॉप आहेत, रॅम ४ जीबी. एकदोन यंत्रे ३२ बिटची आहेत असे कोणीतरी म्हणाले. लिनक्स टाकावे का? प्रश्नपत्रिका मराठीत लागतात आणि जुन्या फाइली श्रीलिपीत आहेत. (एक शिक्षिका, अकोला)

उत्तर : विंडोज १० ची सर्वसाधारण मदत मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबवली, तेव्हा आपला विचार वेळेवरचा आहे. ६४ बिटच्या यंत्रांवर लिनक्स मिंटची एक्सएफसीई ही हलकी आवृत्ती टाकावी. मिंट २२ ला २०२९ पर्यंत दुरुस्त्या मिळतील. ४ जीबी रॅमवर ती चालते, ब्राउझरच्या डझनभर टॅब उघडल्या नाहीत म्हणजे झाले. हार्डडिस्क काढून साधी एसएसडी बसवता आली, तर रॅम वाढवण्यापेक्षाही अधिक फरक जाणवतो. यंत्र ३२ बिटचे आहे की नाही, हे पेनड्राइव्हवरून लिनक्स नुसते चालवून 'एलएससीपीयू' या कमांडने पाहावे. पहिल्या काही ओळींत ६४ बिटचा उल्लेख असेल, तर विंडोज ३२ बिटचे असले तरी यंत्र ६४ बिटचे आहे, आणि बहुधा तसेच निघते. खरोखरच ३२ बिटचे निघाले, तर डेबियन १२ वापरावे. डेबियन १३ मध्ये ३२ बिटची स्थापना बंद झाली आहे. डेबियन १२ ची दीर्घ मुदतीची मदत जून २०२८ पर्यंत आहे, त्यानंतर त्या यंत्राला निरोप द्यावा.

मराठी टंकलेखनासाठी आयबस आणि त्याचा एम१७एन हा जोड बसवावा. इनस्क्रिप्ट तर मिळतोच, रोमन अक्षरांवरून लिहिणाऱ्यांसाठीही पर्याय मिळतात. 'दऱ्या', 'सुऱ्या' यांतला ऱ्य अनेकांना सापडत नाही : इनस्क्रिप्टवर शिफ्टसह जे, मग डी, मग तिरकी रेघ असलेली कळ, या क्रमाने तो उमटतो.

श्रीलिपीच्या फाइलींचा प्रश्न याहून टेकीस आणणारा आहे. त्या फाइलींमध्ये खरे देवनागरी नसते. इंग्रजी अक्षरांच्या जागांवर देवनागरीचे तुकडे बसवलेले असतात, म्हणून तो फॉन्ट नसेल तिथे कचरा दिसतो. लिबरऑफिस त्याला काही करू शकत नाही. विंडोज पुसण्याआधी, ते चालू असतानाच, लागतील तेवढ्या प्रश्नपत्रिका युनिकोडमध्ये रूपांतरित करून घ्याव्यात आणि प्रत्येकीवर एकदा नजर फिरवावी, कारण रूपांतरात रफार आणि जोडाक्षरे हमखास घसरतात. हे काम उन्हाळ्याच्या सुट्टीत काढलेले बरे.

प्रश्न : अमेरिकेतून भावाने गुगलचा पिक्सेल फोन पाठवला. तो 'अनलॉक्ड' आहे, कोणतेही सिम चालते, तरी 'ओईएम अनलॉकिंग' हा पर्याय फिकट दिसतो आणि दाबता येत नाही. (एक वाचक, पणजी)

उत्तर : सिमचे कुलूप आणि बूटलोडरचे कुलूप यांचा एकमेकांशी संबंध नाही. व्हेरायझन या अमेरिकी मोबाइल कंपनीसाठी विकलेल्या पिक्सेलचे सिमचे कुलूप निघाले, तरी बूटलोडर उघडता येत नाही. फोन एकदा इंटरनेटला जोडून, रिसेट करून पाहावा. त्यानंतरही पर्याय फिकटच राहिला, तर तो फोन त्या जातीचा समजावा आणि आहे तसाच वापरावा. पिक्सेलला कंपनीकडूनच दीर्घकाळ दुरुस्त्या मिळतात, त्यामुळे नुकसान फारसे नाही.

प्रश्न : अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. स्वतःची रॉम तयार करायची आहे. लॅपटॉपला ८ जीबी रॅम आणि २५६ जीबी एसएसडी आहे, त्यावर उबंटू आहे. कुठून सुरुवात करू? (एक विद्यार्थी, पुणे)

उत्तर : या लॅपटॉपवर संपूर्ण अँड्रॉइड बांधण्याचा नाद सोडावा. गुगलची शिफारसच ४०० जीबी मोकळी जागा आणि ६४ जीबी रॅम अशी आहे. त्याहून कमीत काही जण निभावून नेतात, परंतु ८ जीबीवर मध्येच टर्मिनलवर 'किल्ड' एवढा एकच शब्द उमटतो, आणि 'डीमेसेज' या कमांडने लिनक्सच्या नोंदी पाहिल्यावर कळते की रॅम संपल्यामुळे लिनक्सनेच ते काम मारले.

त्याऐवजी कर्नलपासून, म्हणजे प्रणालीच्या गाभ्यापासून, सुरुवात करावी. रॉमचा आवाका प्रचंड असतो, कर्नल मात्र आपल्या यंत्रावर आरामात बांधून होतो, आणि शिकायला खरे तर तिथेच अधिक मिळते. अँड्रॉइडच्या तळाशी लिनक्सचा कर्नल असतो आणि तो जीपीएल या खुल्या परवान्याच्या दुसऱ्या आवृत्तीखाली येतो, त्यामुळे फोन विकणाऱ्या कंपनीला आपल्या कर्नलचा स्रोत खुला करावा लागतो. काही कंपन्या तो वेळेवर देतात, काही अर्धवट देतात, काहींना आठवण करून द्यावी लागते. फोन निवडतानाच ज्याचा स्रोत नीट उपलब्ध आहे असा जुना फोन घ्यावा. स्नॅपड्रॅगन ८४५ या प्रोसेसरवरचे पोको एफ१ आणि वनप्लस ६ हे दोन वापरलेल्या फोनांच्या बाजारात सापडतात आणि त्यांच्यावर काम करणारी मंडळी पुष्कळ आहेत.

याच दोन फोनांवर पोस्टमार्केटओएस हीही एक वाट आहे. २०१७ मध्ये सुरू झालेला हा प्रकल्प अल्पाइन लिनक्सवर उभा आहे आणि त्यात अँड्रॉइड मुळीच नसते. फोनवर सरळ लिनक्स चालते. त्यांचे पीएमबूटस्ट्रॅप हे साधन ८ जीबीच्या यंत्रावर सुखाने चालते. पोको एफ१ घेतला, तर त्याचा पडदा तिआनमाचा आहे की ईबीबीजीचा, हे आधी पाहावे लागते, कारण दोन्हींसाठी कर्नल वेगळा निवडायचा असतो. हा रोजचा फोन म्हणून वापरता येणार नाही, कॅमेऱ्यासारख्या गोष्टींवर तर मुळीच विसंबू नये. परंतु एखादे उपकरण प्रत्यक्षात कसे चालू होते, हे समजून घ्यायला यापेक्षा चांगली प्रयोगशाळा नाही. कंटाळा आला तर बदल म्हणून लिनिएजचे मराठी भाषांतर क्राउडिन या व्यासपीठावर चालते, तिथे हातभार लावावा. त्याला ना रॅम लागते ना फोन.

पहिला कर्नल बांधताना 'मेक' या बांधणीच्या साधनाला प्रोसेसरचे सगळे कोर देण्याऐवजी दोनच कामे एका वेळी चालवायला सांगावे, थोडा वेळ अधिक लागेल. तयार झालेली बूट इमेज (कर्नल असलेली फाइल) लगेच फोनमध्ये कायमची लिहू नये. 'फास्टबूट बूट' ही कमांड, जिथे फोन ती स्वीकारतो तिथे, इमेज फक्त एका वेळेपुरती रॅममधून चालवते आणि आतल्या पार्टिशनला हात लावत नाही. कर्नल चालला, तर 'यूनेम -ए' या कमांडने तो बांधल्याची वेळ दिसेल. नाही चालला, तर पॉवर बटण दाबून धरावे. फोन आधीच्याच कर्नलवर पुन्हा सुरू होईल आणि दुरुस्ती करून पुढची इमेज लगेच चालवून पाहता येईल.